पेरोव्हस्काइट सौर पॅनेलचा खुल्या वातावरणातील टिकाऊपणा

पेरोव्हस्काइट सौर पॅनेलचा खुल्या वातावरणातील टिकाऊपणा म्हणजे पेरोव्हस्काइट वर्गातील अर्धवाहकांपासून बनवलेल्या सौर पॅनेलची ऊन, उष्णता, आर्द्रता, धूळ आणि दिवस-रात्रीचे तापमानचक्र सोसून दीर्घकाळ वीज देत राहण्याची क्षमता होय. प्रयोगशाळेत या घटांची कार्यक्षमता २००९ मधील ३.८ टक्क्यांवरून २६ टक्क्यांच्या पुढे गेली आहे. सिलिकॉनवर पेरोव्हस्काइटचा थर दिलेल्या टँडम घटांनी ३४ टक्क्यांचा टप्पा ओलांडला आहे. मात्र कार्यक्षमतेचे हे आकडे अगदी लहान घटांवर आणि अल्पकाळ केलेल्या मापनांचे आहेत. सौर प्रकल्पाचा वीजविक्री करार बहुधा २५ वर्षांचा असतो. त्यामुळे हे तंत्रज्ञान व्यवहारात उतरेल की नाही, हे कार्यक्षमतेइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, टिकाऊपणावर अवलंबून आहे.

## पार्श्वभूमी

पेरोव्हस्काइट हे मूळचे कॅल्शियम टायटॅनेट या खनिजाचे नाव आहे. जर्मन खनिजतज्ज्ञ गुस्टाव्ह रोझ यांनी १८३९ मध्ये उरल पर्वतातील नमुन्यांवरून या खनिजाचे वर्णन केले आणि रशियन खनिजसंग्राहक लेव्ह पेरोव्हस्की यांच्या नावावरून त्याला हे नाव दिले. पुढे तशीच स्फटिकरचना असलेल्या सर्व संयुगांना हे नाव लावले जाऊ लागले. सौर घटांत वापरले जाणारे पेरोव्हस्काइट हे खनिज नसून प्रयोगशाळेत तयार केलेले हॅलाइड संयुग असते. त्यात शिसे, आयोडीन किंवा ब्रोमीन आणि मिथिलअमोनियम, फॉर्मामिडिनियम वा सीझियम यांपैकी एक किंवा अधिक धन आयन असतात.

जपानमधील त्सुतोमु मियासाका आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये या संयुगांचा सौर घटात प्रथम उपयोग केला. त्या घटात द्रवरूप विद्युत अपघटनी वापरलेली होती व तीत पेरोव्हस्काइट विरघळत असल्याने घट फार काळ चालत नसे. २०१२ मध्ये द्रवाऐवजी घन पदार्थ वापरलेले घट तयार झाले आणि कार्यक्षमता १० टक्क्यांच्या आसपास पोहोचली. टिकाऊपणाचा प्रश्न या तंत्रज्ञानाच्या जन्मापासूनच त्याच्याबरोबर आहे.

या प्रश्नाचे मूळ पदार्थाच्या गुणधर्मांतच आहे. सिलिकॉनच्या स्फटिकातील अणू मजबूत सहसंयुज बंधांनी जोडलेले असतात आणि सिलिकॉनचा स्फटिक १,४०० °से. तापमानावर वाढवला जातो. हॅलाइड पेरोव्हस्काइटचा थर द्रावणापासून १०० ते १५० °से. तापमानावर तयार होतो. त्यातील बंध तुलनेने कमजोर असून आयन जागा बदलू शकतात. कमी खर्चात, कमी उष्णतेत थर बनवता येणे हा या पदार्थाचा मोठा फायदा आहे. परंतु जो पदार्थ सहज घडतो तो सहज विघटितही होतो.

## ऱ्हासाची कारणे

### ओलावा व हवा

मिथिलअमोनियम लेड आयोडाइड हे संयुग पाण्याची वाफ शोषून प्रथम जलयुक्त स्फटिक बनवते. ओलावा वाढत राहिल्यास मिथिलअमोनियमचा भाग निघून जातो आणि पिवळे लेड आयोडाइड मागे उरते. काळसर दिसणारा घट पिवळा पडणे ही या ऱ्हासाची डोळ्यांना दिसणारी खूण आहे. प्रकाशाच्या उपस्थितीत ऑक्सिजनही विघटनाला मदत करतो. यामुळे उघडा घट पावसाळी हवेत फार काळ टिकत नाही आणि पॅनेलचे आवरण हा त्याच्या रचनेचा अविभाज्य भाग ठरतो.

### उष्णता

आवरण कितीही घट्ट असले तरी उष्णता आत पोहोचतेच. मिथिलअमोनियम हा सेंद्रिय घटक ८५ °से.च्या आसपास दीर्घकाळ तापवल्यास हळूहळू वायुरूपाने निघून जाऊ लागतो. शिवाय मिथिलअमोनियम लेड आयोडाइडची स्फटिकरचना सुमारे ५५ °से.ला बदलते. त्याखाली ती चतुष्कोनीय असते, तर त्यावर घनाकृती होते. उष्ण प्रदेशात पॅनेलचे तापमान हा बिंदू सकाळी चढताना आणि संध्याकाळी उतरताना, असे दिवसातून दोनदा ओलांडते.

फॉर्मामिडिनियम लेड आयोडाइड हे संयुग उष्णतेला अधिक चांगले तोंड देते. पण त्याची प्रकाश शोषणारी काळी प्रावस्था सामान्य तापमानाला अस्थिर असून तिचे निरुपयोगी पिवळ्या प्रावस्थेत रूपांतर होऊ शकते. सीझियम लेड आयोडाइडचीही हीच अडचण आहे.

### प्रकाश

सौर घटाला ज्या प्रकाशापासून वीज बनवायची, तोच प्रकाश त्याच्या ऱ्हासाचे एक कारण आहे. सुरुवातीच्या घटांतील टायटॅनियम डायऑक्साइडचा थर अतिनील किरणांमुळे उत्प्रेरकासारखा वागून शेजारच्या पेरोव्हस्काइटचे विघटन घडवत असे. नंतरच्या घटांत त्याच्या जागी टिन ऑक्साइड किंवा अन्य थर वापरले जाऊ लागले.

आयोडीन व ब्रोमीन दोन्ही असलेल्या मिश्र पेरोव्हस्काइटमध्ये आणखी एक परिणाम आढळतो. प्रकाशात आयोडाइडबहुल आणि ब्रोमाइडबहुल असे वेगवेगळे सूक्ष्म भाग तयार होतात व घटाचा विद्युत दाब घटतो. अंधारात ठेवल्यास हे भाग पुन्हा मिसळतात. एरिक होक आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनावरून याला होक परिणाम म्हणतात. टँडम घटांतील वरच्या थरात ब्रोमीनचे प्रमाण वाढवावे लागत असल्याने तेथे हा परिणाम विशेष महत्त्वाचा ठरतो.

### आयनांचे स्थलांतर व विद्युत अग्रे

घटात विद्युत क्षेत्र निर्माण झाले की आयोडाइड आयन स्फटिकातील रिकाम्या जागांमधून सरकू लागतात. ते धातूच्या अग्रापर्यंत पोहोचल्यास चांदीशी संयोग होऊन सिल्व्हर आयोडाइड तयार होते व अग्र कुजते. उलट दिशेने धातूचे अणूही पेरोव्हस्काइटमध्ये शिरू शकतात. हे टाळण्यासाठी मध्ये धातू-ऑक्साइडचा दाट थर देणे किंवा धातूऐवजी कार्बनचे अग्र वापरणे असे मार्ग अवलंबले जातात.

### सावली

पॅनेलमधील घट एकापुढे एक जोडलेले असतात. एखाद्या घटावर पान, पक्ष्याची विष्ठा किंवा शेजारच्या खांबाची सावली पडली तर उरलेले घट त्यातून जबरदस्तीने प्रवाह ढकलतात आणि सावलीतील घटावर उलट दाब येतो. सिलिकॉन घट दहा-पंधरा व्होल्ट किंवा त्याहून अधिक उलट दाब सहन करू शकतो. पेरोव्हस्काइट घटाला मात्र काही थोड्या व्होल्टांनीही कायमची इजा होऊ शकते. सिलिकॉन पॅनेलमध्ये घटांच्या मोठ्या गटामागे एक बायपास डायोड पुरतो. तेवढे संरक्षण पेरोव्हस्काइट पॅनेलला अपुरे पडते. एकाच प्रवाहमार्गात जोडलेल्या सिलिकॉन-पेरोव्हस्काइट टँडममध्ये हा उलट दाब बऱ्याच अंशी खालचा सिलिकॉन घट पेलतो.

## दिवस-रात्रीचे चक्र

पेरोव्हस्काइट घटांचे एक वैशिष्ट्य असे की दिवसभरात घटलेल्या कार्यक्षमतेचा काही भाग रात्रीच्या अंधारात भरून निघतो. उजेडात सरकलेले आयन अंधारात मूळ जागी परततात. काही घटांत याच्या उलट घडते: रात्री कार्यक्षमता उतरते आणि सकाळच्या उन्हात ती हळूहळू सुधारते. त्यामुळे प्रयोगशाळेत सलग दिव्याखाली ठेवलेल्या घटाचे आयुर्मान शेतातल्या घटाला जसेच्या तसे लावता येत नाही. सलग प्रकाशात वेगाने ढासळलेला घट बाहेर अधिक टिकू शकतो. तसेच सलग प्रकाशात स्थिर राहिलेला घट रोजच्या चढ-उतारामुळे बाहेर लवकर खराब होऊ शकतो.

## चाचण्या व त्यांच्या मर्यादा

जमिनीवर बसवायच्या सर्व प्रकारच्या सौर पॅनेलसाठी आयईसी ६१२१५ हे आंतरराष्ट्रीय मानक लागू होते. त्यातील टिकाऊपणाशी निगडित दोन प्रमुख चाचण्या अशा:

- दमट उष्णता चाचणी: ८५ °से. तापमान व ८५ टक्के सापेक्ष आर्द्रतेत १,००० तास.
- तापमानचक्र चाचणी: −४० °से. ते ८५ °से. अशी २०० आवर्तने.

पॅनेलच्या शक्तीत ५ टक्क्यांहून अधिक घट झाल्यास ते अनुत्तीर्ण ठरते. काही कंपन्यांची पेरोव्हस्काइट पॅनेल या चाचण्यांत उत्तीर्ण झाली आहेत. मात्र हे मानक सिलिकॉन पॅनेलांच्या अनेक दशकांच्या अनुभवातून घडले आहे. दमट उष्णतेची चाचणी अंधारात होते, तर पेरोव्हस्काइटचा ऱ्हास मुख्यतः प्रकाश व उष्णता एकत्र आल्यावर वेग घेतो.

हे लक्षात घेऊन संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०२० मध्ये 'आयएसओएस' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचणीपद्धती पेरोव्हस्काइटसाठी विस्तारल्या. त्यांत अंधारातील साठवण, सलग प्रकाश, तापमानचक्र, प्रकाश-अंधाराचे चक्र, विद्युत दाबाखालील चाचणी आणि खुल्या वातावरणातील चाचणी असे विभाग आहेत. मूळ कार्यक्षमतेच्या ८० टक्के उरेपर्यंतच्या कालावधीला 'टी८०' म्हणतात आणि निरनिराळ्या प्रयोगशाळांचे निकाल ताडून पाहण्यासाठी तो वापरला जातो. अमेरिकेतील राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेतील संशोधकांचा सहभाग असलेल्या आणि २०२३ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, उच्च तापमान व प्रकाश यांची एकत्रित चाचणीच बाहेरच्या वर्तनाचा सर्वांत चांगला अंदाज देते असे दिसून आले.

संशोधनलेखांत वारंवार येणारा '१,००० तास' हा आकडा प्रत्यक्षात किती याचा हिशेब सोपा आहे. दमट उष्णतेचे १,००० तास म्हणजे सुमारे ४२ दिवस. दख्खनच्या पठारावर दिवसाला सरासरी ५ तासांच्या पूर्ण उन्हाइतकी सौरऊर्जा मिळते असे धरल्यास, पूर्ण प्रकाशातील १,००० तास म्हणजे सुमारे २०० दिवसांचे ऊन होय. २५ वर्षांत याच हिशेबाने सुमारे ४५,६०० तास भरतात. तसेच २०० तापमानचक्रांच्या तुलनेत २५ वर्षांत ९,१२५ दिवस-रात्री येतात. त्यांतील चढ-उतार चाचणीपेक्षा सौम्य असला तरी संख्या कितीतरी मोठी असते.

## खुल्या वातावरणातील नोंदी

ग्रीसच्या क्रीट बेटावर प्रत्येकी ०.५ चौ.मी. आकाराच्या ९ पेरोव्हस्काइट पॅनेलांचा एक लहान सौर प्रकल्प उभारण्यात आला. त्याची कमाल शक्ती २५० वॅटपेक्षा अधिक होती. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अभ्यासातून असे दिसले की पॅनेल काचांमध्ये बंद करण्याच्या प्रक्रियेचा दर्जा हा संपूर्ण प्रकल्पाच्या ऱ्हासातील निर्णायक घटक होता.

सौदी अरेबियातील किंग अब्दुल्ला विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठाने तांबड्या समुद्राच्या उष्ण व दमट किनाऱ्यावर टँडम घट वर्षभर चालवून पाहिला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार वर्षाअखेर त्याची कार्यक्षमता मूळच्या ८० टक्क्यांच्या आसपास राहिली. अशा कठोर हवामानात वर्षभर टिकणे ही मोठी प्रगती होती. तरीही २५ वर्षांच्या कसोटीपासून ती दूर आहे.

सप्टेंबर २०२४ मध्ये ऑक्सफर्ड पीव्ही या कंपनीने जर्मनीतील कारखान्यात बनवलेली टँडम पॅनेल अमेरिकेतील ग्राहकाला विकण्यास सुरुवात केली. अशा प्रकल्पांतील अनेक वर्षांच्या नोंदी हाच टिकाऊपणाचा खरा पुरावा ठरेल.

## महाराष्ट्रातील संदर्भ

### संशोधन

भारतीय तंत्रज्ञान संस्था मुंबई येथे २०१० मध्ये राष्ट्रीय प्रकाशविद्युत संशोधन व शिक्षण केंद्र सुरू झाले. या केंद्राने देशभरातील बसवलेल्या पॅनेलांची २०१३, २०१४, २०१६ व २०१८ मध्ये पाहणी केली. उष्ण हवामानातील पॅनेल थंड प्रदेशांतील पॅनेलांपेक्षा अधिक वेगाने ढासळतात आणि छतावरील पॅनेलांची स्थिती जमिनीवरील मोठ्या प्रकल्पांपेक्षा वाईट असते, असे या पाहण्यांतून आढळले. ही निरीक्षणे सिलिकॉनसारख्या स्थिर पदार्थाच्या पॅनेलांची आहेत, त्यामुळे पेरोव्हस्काइटच्या बाबतीत त्यांचे महत्त्व अधिकच वाढते. याच संस्थेत दिनेश काब्रा यांच्या गटाने सिलिकॉन-पेरोव्हस्काइट टँडम घट विकसित केले असून त्यांची कार्यक्षमता ३० टक्क्यांच्या जवळ पोहोचली आहे. या रचनेत दोन्ही घटांची जोडणी स्वतंत्र असते. त्यामुळे वरचा पेरोव्हस्काइट घट कमकुवत झाला तरी खालच्या सिलिकॉनच्या प्रवाहाला त्याची मर्यादा पडत नाही.

पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत (आयसर) हॅलाइड पेरोव्हस्काइटच्या अतिसूक्ष्म स्फटिकांवर काम झाले आहे. या संस्थेतील संशोधक अभिषेक स्वर्णकार यांनी अमेरिकेतील राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेतील सहकाऱ्यांसह २०१६ मध्ये 'सायन्स'मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. सीझियम लेड आयोडाइडचे स्फटिक काही नॅनोमीटर आकाराचे ठेवल्यास त्याची काळी प्रावस्था सामान्य तापमानालाही टिकते, हे त्यात दाखवले होते. त्या घटांची कार्यक्षमता १०.७७ टक्के होती.

### दख्खनच्या पठारावरील परिस्थिती

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शिरूर व दौंड हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. पुणे–सोलापूर महामार्गालगतचे दौंड तालुक्यातील भांडगाव हे या प्रदेशाचे प्रातिनिधिक उदाहरण मानता येईल. येथे पाऊस कमी, ऊन भरपूर आणि उन्हाळ्यात दुपारचे तापमान ४० °से.च्या आसपास जाते.

पॅनेलचे तापमान हवेपेक्षा बरेच अधिक असते. २० °से. हवा व दर चौ.मी.ला ८०० वॅट ऊन असताना सामान्य पॅनेल सुमारे ४५ °से.पर्यंत तापते. त्याच प्रमाणाने ४० °से. हवा व १,००० वॅट उन्हात ते सुमारे ७१ °से.पर्यंत पोहोचते. पहाटे ते हवेइतकेच थंड होते. म्हणजे पॅनेलमधील काच, गोंद व पेरोव्हस्काइटचे थर दररोज ४० ते ५० अंशांचा फरक सोसतात आणि प्रत्येक थर वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावत असल्याने त्यांच्या सांध्यांवर ताण येतो. कोकणाच्या तुलनेत येथे ओलाव्याचा धोका कमी, तर उष्णता व प्रकाशाचा अधिक आहे. वाऱ्याबरोबर येणारी धूळ, ऊसपट्ट्यातील गुऱ्हाळांची काजळी आणि पक्ष्यांची विष्ठा यांमुळे पॅनेलवर ठिकठिकाणी सावली पडते. पेरोव्हस्काइट पॅनेलच्या बाबतीत धुलाई ही त्यामुळे केवळ उत्पादनवाढीची नव्हे, तर आयुर्मानाचीही बाब ठरते.

उष्णतेच्या संदर्भात एक जमेची बाजूही आहे. तापमान वाढल्यावर सिलिकॉन घटाची शक्ती जितकी घटते तितकी पेरोव्हस्काइटची घटत नाही. पदार्थ स्थिर राहिला, तर उष्ण प्रदेशात तो अधिक वीज देऊ शकतो.

### आर्थिक बाजू

राज्य शासनाने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आणला. उपकेंद्रांजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीपंपांना दिवसा वीज देणे हा तिचा उद्देश आहे. प्रकल्पासाठी भाडेपट्ट्याने घेतलेल्या जमिनीला हेक्टरी वार्षिक किमान १,२५,००० रुपये भाडे व त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ अशी तरतूद आहे. जमीन, पाया, खांब, तारा व भाडे यांचा खर्च पॅनेल कोणतेही असले तरी करावाच लागतो. अधिक कार्यक्षम पॅनेल तेवढ्याच जमिनीतून अधिक वीज देते. परंतु ते लवकर ढासळले तर हा फायदा नाहीसा होतो.

वार्षिक घट कायम राहिली असे मानल्यास २५ वर्षांनंतर उरणारी शक्ती पुढीलप्रमाणे असेल:

- वार्षिक घट ०.५ टक्के: सुमारे ८८ टक्के
- वार्षिक घट १ टक्का: सुमारे ७८ टक्के
- वार्षिक घट २ टक्के: सुमारे ६० टक्के
- वार्षिक घट ५ टक्के: सुमारे २८ टक्के

म्हणजे ३० टक्के कार्यक्षमतेचे पण दरवर्षी ५ टक्के ढासळणारे पॅनेल शेवटी सुमारे ८ टक्क्यांवर येईल, तर २२ टक्क्यांचे पण वर्षाला ०.५ टक्का घटणारे सिलिकॉन पॅनेल १९ टक्क्यांच्या वर राहील. दिवसा वीज मिळेल या भरवशावर पाण्याच्या पाळ्या ठरवणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने दुसरे पॅनेल अधिक उपयोगी आहे.

## टिकाऊपणा वाढवण्याचे उपाय

- घटकांची निवड: मिथिलअमोनियम कमी करून किंवा वगळून फॉर्मामिडिनियम व सीझियम यांचे मिश्रण वापरले जाते.
- पृष्ठभागावरील दोष झाकणे: स्फटिककणांच्या सीमांवरील रिकाम्या जागा योग्य रेणूंनी भरल्यास आयनांच्या स्थलांतराचा वेग मंदावतो.
- आवरण: दोन काचांमध्ये पॅनेल बंद करून कडांना ब्यूटाइल रबराची पट्टी लावतात. सिलिकॉन पॅनेलमध्ये रूढ असलेल्या ईव्हीए गोंदातून ॲसेटिक आम्ल सुटू शकते, म्हणून पॉलिओलेफिनसारखे पदार्थ पसंत केले जातात.
- विद्युत रचना: घटांची मांडणी आणि बायपास डायोडची संख्या सावलीचा विचार करून ठरवली जाते.

## शिशाचा प्रश्न

पॅनेलचे आयुष्य संपण्यापूर्वी काच फुटल्यास टिकाऊपणाचा प्रश्न पर्यावरणाचाही होतो. लेड आयोडाइड पाण्यात काही प्रमाणात विरघळते. अर्धा मायक्रोमीटर जाडीच्या थरात दर चौ.मी.ला सुमारे ०.७ ग्रॅम शिसे असते. एखाद्या प्रकल्पात ५,००० चौ.मी. पॅनेल असल्यास एकूण शिसे सुमारे ३.५ किलोग्रॅम भरते. हे प्रमाण मोठे नाही आणि सिलिकॉन पॅनेलच्या डाखातही शिसे असू शकते. तथापि, पेरोव्हस्काइटमधील शिसे पाण्याबरोबर अधिक सहज वाहून जाऊ शकते. विहिरी व कालव्यांवर अवलंबून असलेल्या शेतजमिनीत म्हणूनच फुटलेली पॅनेल त्वरित उचलणे आवश्यक ठरते. शिसे धरून ठेवणारे थर पॅनेलमध्ये देण्याचे प्रयोगही झाले आहेत. शिशाऐवजी कथिल वापरता येते; परंतु कथिलाचे हवेत सहज ऑक्सिडीकरण होत असल्याने असे घट आणखी कमी टिकतात.

## हे सुद्धा पहा

- सौर ऊर्जा
- सौर घट
- अर्धवाहक
- मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना
- दौंड तालुका